रेश्माचा गुडघा

लग्नकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की मी "कॉलेजात आहे" एवढंच सांगते. 'शारीरिक शिक्षण संचालक' म्हटलं की समोरचा माणूस गोंधळतो. मग त्याला उलगडा होतो, "म्हणजे पीटीच्या मॅडम का?" त्याच्या डोळ्यांपुढे शिट्टी, पांढरे बूट आणि पंधरा ऑगस्टची कवायत उभी राहते आणि तो म्हणतो, "बरंय की. आरामाचं काम!"

घनसावंगी भागातल्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं हे आरामाचं काम केलं. येत्या उन्हाळ्यात निवृत्त होईन. माझ्या जागेवर कायम माणूस भरणार नाहीत, तासावर कुणालातरी बोलावतील, असं आत्ताच ऐकू येतंय.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावं म्हणून थोडं सांगते. प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थी फीच्या पावतीत 'जिमखाना' म्हणून काही रुपये भरतो. त्या पैशात वर्षभर डझनभर खेळांचे संघ बाहेरगावी न्यायचे असतात. जीपचं भाडं, पोरांचं जेवण, बॉल, जाळी, औषधाची पेटी, सगळं त्यातच. नऊ माणसांच्या जीपमध्ये मी चौदा पोरी नेलेल्या आहेत आणि दोन केळी व एक बिस्किटाचा पुडा यावर त्यांच्याकडून दिवसात तीन सामने खेळून घेतलेले आहेत. हे अभिमानानं सांगावं की शरमेनं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्याकडे मैदान मात्र मोठं आहे. म्हणून ते भाड्यानं जातं. लग्नं, सभा, कृषी प्रदर्शन. प्राचार्य म्हणत, "मॅडम, तुमचे खेळ खर्च करतात, मैदान कमावतं."

श्रीमंत कॉलेजांची रीत वेगळी. ती खेळाडू घडवत बसत नाहीत, आणतात. एकदा विद्यापीठाच्या स्पर्धेत आमच्या मुलांपुढे एका मोठ्या कॉलेजचा कबड्डीचा संघ उतरला. त्यांच्यातल्या बी.ए. प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थ्यानं सामना सुरू होताना टोपी काढली, तर खाली स्वच्छ टक्कल. मी पंचांकडे तक्रार केली. ओळखपत्र तपासलं, सगळं बरोबर निघालं. मी त्यालाच विचारलं, "बाळा, विषय कोणते घेतलेस?"

तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, ते आमच्या सरांना विचारा."

त्या दिवशी आम्ही पंचवीस गुणांनी हरलो. परतीच्या जीपमध्ये पोरं त्या टकलावरून हसत होती. मीही हसले.

पुढं टीव्हीवर कबड्डीची लीग आली आणि हसण्यासारखं फारसं राहिलं नाही. खेड्यातल्या पोरांना कळलं की या खेळाला बोली लागते. मुलींची तशी लीग मात्र उभी राहिली नाही. प्रयत्न झाले, टिकले नाहीत. म्हणजे मुलींसाठी या खेळाचा मोबदला एकच, खेळाडूंच्या राखीव जागेतली नोकरी. पोलीस, रेल्वे, कुठलं तरी सरकारी खातं. त्यासाठी राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. ते हवं तर मोठ्या संघात जागा हवी आणि मोठ्या संघात जागा हवी तर मोठं कॉलेज. मला स्वतःला खो-खोच्या एका पदकावर ही नोकरी लागली. त्यामुळे ही शिडी खरी आहे यावर माझा पूर्ण विश्वास होता. तो विश्वास मी पोरींच्या आईबापांना वाटत फिरले.

रेश्माच्या वडिलांनाही मी तोच दिला.

रेश्मा शहागडची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते शाळांच्या तालुका स्पर्धेत. दहावीत होती, अंगानं बारीक. चढाईला गेली की समोरच्या सात जणींना वाटायचं, ही आता सापडली. आणि ती हात लावून मध्यरेषेच्या अलीकडे आलेली असायची. तिचे पाय काय करतात ते मला तीन चढाया बघूनही कळलं नाही. चौथ्या चढाईला मी वही बंद केली आणि नुसती बघत राहिले.

तिचे वडील युसुफभाई. हायवेच्या कडेला त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. आठवड्याभरात मी तिथं गेले. ते ट्रकचं चाक खोलत होते. हात पुसून त्यांनी मला स्टूल दिलं, चहा मागवला, आणि माझं सगळं बोलणं मान खाली घालून ऐकलं.

"मॅडम, तुम्ही चांगलं सांगून राह्यले," ते म्हणाले. "लेकिन मला एक बराबर समजून सांगा. लडकी खेळली, खेळली, आन् मंग?"

"मग नोकरी. सरकारी."

"पक्की?"

मी म्हणाले, "पक्की."

तो एक शब्द मी किती सहज उच्चारला होता! वडापावच्या गाडीवरून चहा येईपर्यंत ठरलंसुद्धा. अकरावीला ती आमच्या कॉलेजात आली. शहागडहून रोज बसनं यायची. तिला बूट मी घेऊन दिले. युसुफभाईंना ते आवडलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी बुटांचे पैसे कागदात बांधून तिच्याबरोबर पाठवले.

दोन वर्षं ती पोरगी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख होती. ती खेळायला लागली की मैदानाच्या कडेनं शेताकडे चाललेली माणसं मोटारसायकली थांबवायची. सराव संपला की ती इतर मुलींना आपली पावलं शिकवायची. त्यांना जमायचं नाही, मग सगळ्या मिळून हसायच्या.

बारावीच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमचं मैदान एका मोठ्या कार्यक्रमाला दिलं होतं. मंडप काढून नेला, खांबांचे खड्डे तसेच राहिले. मी आणि शिपाई मामांनी दोन दिवस घमेल्यानं माती टाकून ते बुजवले. सगळे बुजले असं आम्हाला वाटलं. तिसऱ्या दिवशी सरावात रेश्मा मागं सरकताना तिचा उजवा पाय एका खड्ड्यात गेला. खड्डा वरून बुजलेला दिसत होता, आत पोकळ होता. ती ओरडली नाही. खाली बसली आणि गुडघा दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे बघत राहिली.

"मॅडम, आत कायतरी तटकन झालं."

मी बर्फ लावला, पट्टी बांधली. गुडघा टरबुजासारखा सुजला. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "जालन्याला नेऊन मशीनमध्ये आतला फोटो काढा. लिगामेंट तपासायला पाहिजे." लिगामेंट म्हणजे गुडघ्याची हाडं एकमेकांना धरून ठेवणारी दोरी. ती तुटली तरी माणूस चालतो. सरळ चालतो, जिना चढतो. फक्त पळता पळता वळला की गुडघा सटकतो. आणि कबड्डी म्हणजे वळणंच.

हे मला ठाऊक होतं. माझ्या पदवीत हा धडा होता.

विभागीय स्पर्धा बावीस दिवसांवर होती. त्या स्पर्धेला पुण्याकडच्या एका मोठ्या कॉलेजचे प्रशिक्षक येणार होते, केवळ रेश्माला बघायला. मीच त्यांना फोन करकरून तयार केलं होतं. त्यांच्याकडे हॉस्टेल फुकट, मेस फुकट, मॅटवर सराव, आणि दरवर्षी दोन-तीन मुली राष्ट्रीय स्पर्धेला. गुडघ्याचं त्यांच्या कानावर गेलं असतं तर ते गाडीतूनही उतरले नसते. दुखापत झालेली पोरगी कुणी घेत नाही.

पंधरा दिवसांत सूज उतरली. रेश्मा हळूहळू पळायला लागली.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"सरळ पळताना न्हाई. वळलं की जरा हालल्यासारखं व्हतंय."

"फोटो काढून घेऊ या का?"

तिनं मला उलट विचारलं, "मॅडम, फोटोत कायतरी निघालं तर मंग मला खेळू देणार का तुम्ही?"

मग मी जे म्हणाले ते शब्दनशब्द आठवतं. "स्पर्धा होऊ दे. नंतर बघू. आणि तोपर्यंत कुणाला सांगू नको."

"अब्बाला?"

"त्यांनाही नको."

सतरा वर्षांची मुलगी ती. तिला वाटलं, मॅडम म्हणतात म्हणजे ठीकच असेल.

विभागीय स्पर्धेत मी तिच्या गुडघ्याला चिकटपट्ट्या आवळून बांधल्या आणि वरून लांब पँट घालायला लावली. उपान्त्य सामन्यात ती दोनदा लंगडली. दोन्ही वेळा बुटाची नाडी बांधायचं नाटक करून खाली बसली. हे नाटक मी तिला शिकवलं नव्हतं. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं मागं होतो. ती चढाईला गेली, तिघींनी तिला घेरलं, आणि ती डाव्या पायावर गिरकी घेऊन, उजवा जवळजवळ न टेकवता, दोघींना हात लावून परत आली. प्रेक्षकांत बसलेले ते प्रशिक्षक उभे राहिले. मी रडले. आज वाटतं, त्या गिरकीतच मला सगळं दिसायला हवं होतं. एवढी उत्तम चढाई मी कधी पाहिली नव्हती, आणि ती एका पायावरची होती.

प्रशिक्षक खाली येऊन म्हणाले, "मॅडम, जूनमध्ये पाठवून द्या. बाकी सगळं आमच्याकडे."

"काही लिहून वगैरे?" मी विचारलं.

ते हसले. "लिहायचं काय त्यात? आपली मुलगी आहे."

या धंद्यात असंच असतं. कॉलेजला विजेतेपद मिळतं, माहितीपत्रकावर फोटो छापला जातो, तो बघून प्रवेश येतात, संस्थेला देणगीदार मिळतात. या सगळ्याला कागद असतात. ज्या मुलीच्या पायांवर हे उभं असतं तिच्याबाबत मात्र एका ओळीचाही कागद नसतो.

आणि गुडघ्याचा तो फोटो? तो राहूनच गेला. बारावीची परीक्षा आली, मग सुट्टी. सूज नव्हती, ती चालत होती, मी मनाची समजूत घातली. जूनमध्ये युसुफभाई तिला सोडायला गेले. जाण्याआधी कॉलेजात येऊन पेढे देऊन गेले.

सप्टेंबरमध्ये त्या प्रशिक्षकांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"मॅडम, खराब माल दिलात तुम्ही आम्हाला."

मॅटवर सराव करताना तिचा गुडघा निखळला होता. बुटाची पकड मॅटवर राहिली आणि शरीर फिरलं. त्यांनी तपासणी केली, डॉक्टरांनी सांगितलं की लिगामेंट जुनंच तुटलेलं आहे, आणि त्यावर इतके महिने खेळल्यामुळे आतली गादीही फाटली आहे. विम्याचा अर्ज भरताना दुखापतीची तारीख लिहावी लागते. त्यांनी खरी परिस्थिती लिहिली, अर्ज परत आला. हॉस्टेलची खोली दुसऱ्या मुलीला हवी होती. आठ दिवसांत रेश्मा शहागडला परत आली, कुबड्यांवर.

मी भेटायला गेले. जाताना गाडीत सगळं पाठ केलं होतं. युसुफभाईंना सांगायचं, मीच लपवायला सांगितलं, दोष माझा. दुकानात पोचले तर त्यांनी नेहमीसारखं स्टूल पुसून पुढं केलं आणि चहा मागवला.

मी बोलायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला.

"मालूम है, मॅडम. रेश्मानं सांगितलं."

"माझं चुकलं, युसुफभाई."

रस्त्यावरनं ट्रक जात होते. मग ते म्हणाले, "मला सांगितलं असतं ना, तर मीबी हेच बोललो असतो. होऊ दे स्पर्धा, बोललो असतो. लालच मलाबी होती." चहाचा कप माझ्या हातात देत ते म्हणाले, "पण मी बाप होतो. मला बोलायचा हक होता."

त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोसलं असतं.

ऑपरेशन झालं, पण सात महिन्यांनी. कुठल्या योजनेत बसतं, कुठला दवाखाना करतो, याच्या चकरा मारण्यात ते महिने गेले. खर्चाचा काही भार मी उचलला, युसुफभाईंनी तो फार नाइलाजानं घेतला. डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीलाच आला असतात तर ही पोरगी वर्षात मैदानावर असती. आता चालेल, फिरेल. खेळायचं विसरा." हे ऐकताना रेश्मा माझ्या शेजारी बसली होती. तिनं फक्त विचारलं, "पोलीसची भरती? त्याची पळायची परीक्षा?" डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

आज ती जालन्यात मस्तगड भागात मावशीकडे राहते आणि तिथल्याच एका कापडाच्या दुकानात काम करते. दिवसभर उभं राहायचं काम. स्थळं येतात. येणारी माणसं पाणी आणायच्या निमित्तानं तिला चालायला लावतात आणि तिच्या पायांकडे बघतात. हे तिनंच मला हसत हसत सांगितलं.

यानंतर मी बदलले. संघ नेत राहिले, सामने खेळवत राहिले, पण कुणाच्या घरी जाऊन 'पक्की' म्हणाले नाही. मोठ्या कॉलेजांचे फोन आले की सांगायचे, यंदा विशेष कुणी नाही.

यंदा विशेष कुणीतरी होती. वर्षा नावाची बारावीतली मुलगी, जवळच्याच खेड्यातली. उंच, ताकदीची, पकडीला अशी की समोरचीचा पाय तिच्या हातात आला की सुटायचाच नाही. विभागीय स्पर्धेत तिचा खेळ लोकांच्या नजरेत भरला. मे महिन्यात त्याच प्रशिक्षकांचा फोन आला. जुनं सगळं विसरून ते गोड बोलत होते. "मॅडम, तुमच्याकडची ती उंच मुलगी. तिचा नंबर द्या ना."

मी म्हणाले, "ती आता खेळत नाही."

खोटं बोलले. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. एका मुलीला मी वाचवलं, असं वाटलं.

ऑगस्टमध्ये कामानिमित्त जालन्याला गेले तेव्हा रेश्माच्या दुकानात डोकावले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. ती ठाणाच्या घड्या घालत होती. मी तिला वर्षाची गोष्ट सांगितली. खरं सांगायचं तर थोडी शाबासकी हवी होती मला तिच्याकडून.

तिचे हात थांबले.

"तुम्ही तिला इचारलं का, मॅडम?"

"काय?"

"जायचं का म्हणून. तिला इचारलं का?"

"रेश्मा, तुझं काय झालं ते बघूनच मी..."

"माझं झालं ते झालं. मला तीन महिने मॅटवर खेळायला भेटलं. तिथं माझ्यापेक्षा चांगल्या पोरी व्हत्या, त्यांच्यासंगं खेळले. आजबी मला कोणी बोलावलं ना, तर असल्या गुडघ्यावर जाईन मी." तिचा आवाज दुकानाच्या मालकाला ऐकू जाईल एवढा चढला होता. मग तिनं तो खाली आणला. "तुम्ही मला म्हणले, कोणाला सांगू नको. आता तिच्यापासूनबी तुम्हीच लपवून ठेवलं. तुम्ही दोन्ही बारीला तेच केलं की."

एक बाई पोरीला घेऊन ड्रेसचं कापड बघायला आली. रेश्मा वरच्या फळीवरचा गठ्ठा काढायला स्टुलावर चढली, डावा पाय आधी टाकून.

दुसऱ्या दिवशी मी वर्षाच्या गावाला गेले. प्रवेश बंद झाले होते, तरी प्रशिक्षकांना फोन करून पाहू, पाया पडू, असं मनात होतं. घरापुढं नवीन चुन्याचा वास येत होता. तिच्या आईनं आनंदानं सांगितलं की वर्षाची सुपारी फुटली, दिवाळीनंतर लग्न. मुलगा चांगला आहे, कारखान्यात आहे. "बरं झालं मॅडम, तुमचे पाय लागले घराला."

वर्षानं पाणी आणून दिलं. आई आत चहाला गेली तशी ती माझ्याजवळ खाली बसली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, एक इचारू का? त्या स्पर्धेला बाहेरचे सर आल्ते. मी मे महिना सगळा फोनची वाट पाह्यली. माझं कुठं कमी पडलं व्हतं?"

मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन बसले होते.

"कुठंच नाही," मी म्हणाले. त्यापुढचं काही मला सांगता आलं नाही. आतून चहा आला.